कुठला उपाय जास्त लागू पडतो हे ताडून बघायचं कसं

घसा दुखतोय, तीन दिवस झाले, थुंकी गिळताना पण जीव जातोय, चौथ्या दिवशी ॲन्टिबायोटिक सुरू केलं आणि सातव्या दिवशी घसा ठणठणीत. आता हा घसा औषधाने बरा झाला का? बहुतेक सगळे हो म्हणतील. पण घसादुखीवर ॲन्टिबायोटिक देऊन आणि न देऊन काय होतं ह्याचे जगभरातले ट्रायल, म्हणजे लोकांचे गट पाडून केलेल्या चाचण्या, कॉक्रेन नावाच्या संस्थेच्या लोकांनी एकत्र करून बघितले, तर असं दिसलं की काहीही न घेता सुद्धा आठवड्याभरात १० पैकी साधारण ८ जण बरे होतात, आणि ॲन्टिबायोटिकने दुखण्याचा काळ सरासरी कमी झाला तो सुमारे १६ तासांनी. सोळा तास, बस. औषध अगदीच निकामी नाही, पण सातव्या दिवशी बरं वाटलं त्याचं बहुतेक श्रेय शरीराचं आहे.

लगेच दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतात. स्ट्रेप नावाच्या जंतूमुळे घसा धरला असेल तर काही जणांना, खास करून मुलांना, पुढे रुमॅटिक फीवर होऊ शकतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. ते टाळायला ॲन्टिबायोटिक खरंच उपयोगी पडतं, म्हणून जिथे हा आजार जास्त दिसतो तिथले डॉक्टर ते देतात आणि कोर्स पूर्ण करा म्हणून मागे लागतात, तेव्हा तो पूर्णच करायचा. औषध तेच, घसा तोच, पण 'दुखणं कधी थांबेल' हा प्रश्न वेगळा आणि 'हृदय वाचेल का' हा प्रश्न वेगळा, आणि दोन्हीची उत्तरं पण वेगळी.

म्हणून 'हे औषध चांगलं आहे का' असं विचारून काही हाती लागत नाही. कशाच्या तुलनेत चांगलं, नेमकं कशासाठी चांगलं, किती दिवसांनी मोजलं आणि शंभरात किती जणांना, ह्या चार गोष्टी कळल्याशिवाय दोन उपायांची तुलना होतच नाही. आयुर्वेद असो, होमिओपॅथी असो, ॲलोपॅथी असो, व्यायाम असो नाहीतर ऑपरेशन, प्रश्न हेच विचारायचे, कुणालाही त्यातून सूट द्यायची नाही.

आधी, काहीच केलं नाही तर काय होतं

तुलना करायला कागद घेतलात की पहिली ओळ लिहायची 'काहीच न करता'. हा पण एक उपायच धरायचा आणि बाकीच्यांना त्याच्याशी भिडवायचं. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत जाते. सर्दी छातीत उतरून जो खोकला लागतो, डॉक्टर ज्याला ॲक्यूट ब्रॉन्कायटिस म्हणतात, तो सरासरी अडीच आठवडे चालतो, आणि लोकांना विचारलं की किती दिवसात जायला हवा तर ते म्हणतात आठवडाभरात, फार तर नऊ दिवसांत. ह्या फरकामुळेच दहाव्या दिवशी माणूस घाबरतो, डॉक्टर बदलतो, नवीन सिरप सुरू होतं, आणि अजून आठ दिवसांनी खोकला गेला की त्या सिरपचं नाव होतं, मग तेच सिरप दहा जणांना सांगितलं जातं.

अजून एक गोष्ट होते जी पटकन लक्षात येत नाही. आपण औषध घेतो कधी? दुखणं अगदी टोकाला गेलेलं असतं तेव्हा. पाठदुखी, मायग्रेन, ॲलर्जी, सांधेदुखी हे सगळे वरखाली होणारे आजार आहेत आणि सगळ्यात वाईट दिवसानंतर येणारे दिवस बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा बरेच असतात, तुम्ही काही घ्या नाहीतर घेऊ नका. त्यामुळे टोकाच्या दिवशी जे काही कराल ते 'लागू पडलं' असंच वाटणार.

ह्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. नव्याने कंबर धरलेल्या सुमारे १६५० लोकांवर ऑस्ट्रेलियात एक ट्रायल झाला, २०१४ साली त्याचे रिझल्ट आले. काहींना पॅरासिटामॉल रोज ठरलेल्या वेळी, काहींना लागेल तेव्हा, आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. निम्मे लोक बरे व्हायला पहिल्या दोन गटांत १७ दिवस लागले आणि प्लासिबोवाल्यांत १६. ही गोळी घेऊन सतराव्या दिवशी कंबर सुटली असती तर आपण सगळ्यांनीच छातीठोकपणे सांगितलं असतं की पॅरासिटामॉलनेच सुटली. आणि ह्याचा अर्थ पॅरासिटामॉल वाईट असा नाही, तापावर आणि इतर बऱ्याच दुखण्यांवर ती उपयोगी आहेच, फक्त कंबर लवकर मोकळी करण्याचं काम तिने इथे केलं नाही.

तुलना कशाशी केली

कुठलाही दावा ऐकला की विचारायचं, समोर काय होतं? नुसतं 'ऐंशी टक्के लोकांना बरं वाटलं' ह्याला काही अर्थ नाही, समोर प्लासिबोवाल्यांत किती जणांना बरं वाटलं ते सांगा.

२००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला गुडघ्याच्या झिजेवर एक ट्रायल झाला, १८० लोक. काहींचा गुडघा दुर्बिणीतून आत जाऊन साफ केला, काहींचा फक्त धुतला, आणि काहींना ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन नुसत्या त्वचेवर चिरा दिल्या, आत काहीच केलं नाही. आपण कुठल्या गटात आहोत हे पेशंटना माहीत नव्हतं. दोन वर्षं त्यांचा पाठपुरावा केला आणि दुखणं, चालणं, जिने चढणं, कशातच खऱ्या ऑपरेशनवाले खोट्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा पुढे नव्हते. त्याआधी हे ऑपरेशन सर्रास व्हायचं आणि करून घेतलेले बरेच लोक खरोखर सांगायचे की आराम पडला. ते खोटं बोलत नव्हते, आराम पडलाच होता, फक्त तो आतल्या साफसफाईमुळे नव्हता. समोर काहीतरी तुलना ठेवल्याशिवाय हे कधीच कळलं नसतं.

प्लासिबोशी तुलना ही झाली पहिली पायरी. तुम्हाला आणि मला खरं तर हवं असतं दोन औषधांची आमनेसामने तुलना, आणि ती कमी वेळा होते. दोन्ही औषधं प्लासिबोपेक्षा चांगली आहेत एवढ्यावरून त्यातलं नवीन आहे ते जुन्यापेक्षा भारी असं ठरत नाही. बीपीच्या गोळ्यांचं बघा, ३३ हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा ट्रायल झाला, ऑलहॅट नावाचा, रिझल्ट २००२ साली आले. एका बाजूला जुनी लघवी वाढवणारी गोळी क्लोरथॅलिडोन, दुसऱ्या बाजूला तेव्हाच्या नव्या अम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल. हार्ट ॲटॅकच्या बाबतीत तिन्ही सारख्याच निघाल्या, आणि हार्ट फेल्युअर टाळण्यात तर जुनी गोळीच सरस ठरली. असा आमनेसामने ट्रायल सापडला की तो आधी वाचायचा. आणि वाचताना समोरच्या औषधाचा डोस बघायचा, कारण समोरच्याला कमी डोस दिला की आपलं औषध आपोआप जिंकतं.

अजून एक, गट पाडले कुणी? लोकांनी स्वतःच निवडलं असेल तर सावध व्हायचं. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो असं बरीच वर्षं पाहणीत दिसत होतं, पण ज्या बायका ह्या गोळ्या घेत होत्या त्या मुळातच जास्त शिकलेल्या, चांगल्या परिस्थितीतल्या, तब्येतीकडे लक्ष देणाऱ्या होत्या. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, म्हणजे रँडमाइज करून, १६ हजारांहून जास्त बायकांवर ट्रायल केला तेव्हा २००२ मध्ये उलटंच दिसलं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत हार्टचा त्रास थोडा जास्त निघाला. पण इथे पण परत तोच प्रश्न, कशासाठी? अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते, त्या त्रासावर हार्मोनइतकं परिणामकारक दुसरं काही नाही, आणि पाळी जाऊन फार वर्षं झाली नसतील तर डॉक्टर आजही विचार करून ते देतात.

रिपोर्ट सुधारला की माणूस?

हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्यांच्या हृदयात मधूनच जादा ठोके पडतात आणि असे ठोके पडणारे लोक जास्त दगावतात हे माहीत होतं. मग ठोके बंद करणारी औषधं आली, एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड, ईसीजीवर ठोके बंद झालेले स्पष्ट दिसायचे, डॉक्टर खूश, पेशंट खूश. मग कुणीतरी विचारलं की माणसं जगतायत का जास्त? कास्ट नावाचा ट्रायल सुरू झाला आणि १९८९ मध्ये ह्या औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. साधारण साडेसातशे-साडेसातशेच्या दोन गटांत औषधवाल्यांत ६३ मृत्यू आणि प्लासिबोवाल्यांत २६. रिपोर्ट सुंदर आणि माणसं दगावत होती. हे आठवलं की मला आजही धस्स होतं.

म्हणून कुठल्याही उपायाबद्दल वाचताना बघायचं की त्यांनी काय मोजलं. शुगरचा आकडा, कोलेस्टेरॉल, हाडांची घनता, स्कॅनवरची सूज, हे सगळं मोजायला सोपं असतं म्हणून मोजतात. आपल्याला पाहिजे असतं ते म्हणजे दुखणं कमी झालं का, कामाला जाता आलं का, हाड मोडायचं वाचलं का, ॲटॅक टळला का. काही वेळा आकडा आणि माणूस दोन्ही सुधारतात, बीपीच्या बऱ्याच औषधांचं तसं आहे, पण ते गृहीत धरायचं नाही, शोधून बघायचं.

किती दिवसांनी मोजलं

टेनिस एल्बो झालेला हात माहितीये ना, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, कपात चहा ओतताना सुद्धा कळ येते. ह्यावर काय करायचं? इंजेक्शन घ्यायचं, फिजिओथेरपी करायची, की नुसतं सांभाळून थांबायचं? ऑस्ट्रेलियात १९८ लोकांचे तीन गट पाडून हेच बघितलं, २००६ साली ते छापून आलं.

सहा आठवड्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ७८ टक्के लोक 'खूपच बरं आहे' म्हणत होते. फिजिओवाले ६५ टक्के. नुसते थांबलेले फक्त २७ टक्के. इथे थांबून कुणी जाहिरात केली तर इंजेक्शन निर्विवाद पहिलं. पण ह्या लोकांना वर्षभर बघितलं. इंजेक्शनने बरे झालेल्यांपैकी जवळजवळ पाऊण लोकांचं दुखणं परत उलटलं, आणि वर्षाच्या शेवटी इंजेक्शनवाला गट फिजिओवाल्यांच्या मागे पडला होता. आणि फिजिओवाले आणि नुसते थांबलेले? वर्षाने ते जवळपास बरोबरीला आले.

आता ह्यातला चांगला उपाय कुठला? सहा आठवड्यांचा विचार केला तर इंजेक्शन, वर्षाचा केला तर फिजिओ किंवा धीर. ज्याला पुढच्या महिन्यात काहीतरी अडलेलं काम पार पाडायचंच आहे तो कदाचित जाणूनबुजून इंजेक्शन घेईल आणि ते चुकीचं नाही, फक्त पुढे दुखणं उलटू शकतं हे त्याला आधी माहीत पाहिजे. ज्याला घाई नाही त्याने फिजिओ केली तर मधले महिने तरी कमी त्रासात जातील. एकाच ट्रायलमधून दोन माणसांनी दोन वेगळे निर्णय घेतले आणि दोघेही बरोबर, असं होऊ शकतं.

ह्याच्या उलट पण होतं, म्हणजे उपायाला वेळच दिला जात नाही. मुरुमांवरची क्रीम आठ ते बारा आठवडे लावल्याशिवाय तिचा निकाल लावता येत नाही. डिप्रेशनच्या गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. मायग्रेन येऊच नये म्हणून जी रोजची गोळी देतात तिला दोन-तीन महिने द्यावे लागतात. झोपेसाठी सीबीटी पद्धतीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, जी थेरपी आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून तीच सांगितली, गोळी नंतर, पण ह्या थेरपीत सुरुवातीला अंथरुणातला वेळ कमी करतात त्यामुळे पहिले काही दिवस उलट जास्त थकायला होतं, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. गोळीशी तिची तुलना पहिल्या रात्री केली तर गोळी जिंकणारच.

टक्के बाजूला ठेवा, माणसं मोजा

१९९५ साली ब्रिटनमध्ये बातमी आली की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हटल्यावर बायका घाबरल्या, कित्येकींनी गोळ्या बंद केल्या, पुढच्या वर्षी नको असलेल्या गर्भधारणा आणि गर्भपात वाढले. खरा आकडा काय होता? ७००० बायकांत आधी १, आता २. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका ह्या गोळीपेक्षा जास्तच असतो.

फायद्याच्या बाबतीत हेच होतं. 'धोका ५० टक्क्यांनी कमी' म्हणजे शंभरात २० चे १० झाले असतील किंवा हजारात २ चा १ झाला असेल, दोन्हीला तेच वाक्य लावता येतं. म्हणून एक सवय लावून घ्या, कुठलाही टक्का दिसला की त्याचं रूपांतर शंभर माणसांत करायचं. करून दाखवतो.

शुगर बॉर्डरवर असलेल्या ३२३४ लोकांवर अमेरिकेत एक ट्रायल झाला, २००२ साली छापून आला. तीन गट, प्लासिबो, डायबेटिसवर देतात ती मेटफॉर्मिन गोळी, आणि तिसऱ्या गटाला वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, त्यासाठी मागे लागून शिकवणारी माणसं दिलेली. बातमीत काय येतं, मेटफॉर्मिनने डायबेटिस ३१ टक्क्यांनी कमी, जीवनशैलीने ५८ टक्क्यांनी. आता शंभर माणसं घ्या. वर्षभरात प्लासिबोवाल्या शंभरांत ११ जणांना डायबेटिस झाला, मेटफॉर्मिनवाल्या शंभरांत ८ जणांना, व्यायाम आणि वजनवाल्या शंभरांत ५ जणांना. आता डोळ्यासमोर येतं ना? शंभरातल्या ८९ जणांना त्या वर्षी काहीच न करता पण डायबेटिस झाला नसता, गोळीने तिघांचा टळला, व्यायामाने सहा जणांचा. आणि तीन वर्षांचा हिशोब केला तर एकाचा डायबेटिस टाळायला साधारण ७ जणांना व्यायाम-वजनाचा कार्यक्रम करावा लागतो, नाहीतर १४ जणांना गोळी.

इथे अजून एक बारीक गोष्ट होती जी मला फार मोलाची वाटते. साठीच्या पुढच्या लोकांत मेटफॉर्मिनचा फारसा उपयोग दिसला नाही पण व्यायामाचा चांगला दिसला, आणि खूप जास्त वजन असलेल्यांत मेटफॉर्मिन जवळजवळ व्यायामाच्या बरोबरीला आलं. म्हणजे सरासरी आकडा वाचून झाल्यावर परत एकदा बघायचं की ह्या ट्रायलमधले लोक माझ्यासारखे होते का, वयाने, वजनाने, बाकीच्या आजारांनी.

'एकाला फायदा व्हायला किती जणांनी घ्यावं लागतं' हा आकडा दुखण्याच्या गोळ्यांच्या तुलनेत फारच सोयीचा आहे. ऑपरेशननंतरच्या किंवा दाढ काढल्यावरच्या दुखण्यावर, दुखणं निदान निम्म्याने कमी होणं हे माप धरलं आणि प्लासिबोशी तुलना केली तर पॅरासिटामॉल १००० मिलीग्रॅमचा हा आकडा साधारण ३.६ येतो, आयबुप्रोफेन ४०० चा २.५, आणि आयबुप्रोफेन २०० सोबत पॅरासिटामॉल ५०० एकत्र दिलं तर १.६. आकडा जितका लहान तितकं चांगलं. मग सगळ्यांनी आयबुप्रोफेनच घ्यावं का? नाही. अल्सर झालेला असेल, किडनी कमजोर असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील तर आयबुप्रोफेन नको, तिथे पॅरासिटामॉल मागे असूनही तीच बरी. आणि पॅरासिटामॉल सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत लपलेली असते, मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेली की लिव्हरला धोका, म्हणून पाकिटावरची नावं वाचायचीच.

माहिती कुठे बघायची

एकटा एक ट्रायल वाचून ठरवू नका. आधी सगळे ट्रायल एकत्र करून केलेला आढावा शोधायचा, इंग्रजीत त्याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. वर सांगितलेलं कॉक्रेन १९९३ पासून हेच करतं, आणि त्यांच्या प्रत्येक आढाव्यासोबत साध्या भाषेतला एक पानभर सारांश असतो, तो कुणालाही वाचता येतो. गुगलवर आजाराचं नाव, उपायाचं नाव आणि कॉक्रेन एवढं टाकलं तरी पुरतं.

त्या सारांशात पुरावा किती भरवशाचा आहे हे चार पायऱ्यांत लिहिलेलं असतं, खूप, मध्यम, कमी आणि खूपच कमी. बहुतेक लोक फक्त 'फायदा दिसला' एवढं वाचतात आणि ही पायरी सोडून देतात, तसं करू नका. भरवसा 'खूपच कमी' असेल तर उपाय निकामी आहे असं नव्हे, कुणी नीट तपासलंच नाहीये असा त्याचा अर्थ, आणि उद्या नवीन ट्रायल आला की उत्तर बदलू शकतं.

आढावेच का, तर सगळे ट्रायल छापून येत नाहीत. डिप्रेशनच्या औषधांचे अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याकडे, नोंदलेले ७४ ट्रायल २००८ मध्ये एका गटाने तपासले. ज्यात औषध चांगलं ठरलं असे ३८, त्यातले ३७ छापून आले. उरलेले ३६ फसलेले किंवा धूसर, त्यातले २२ छापलेच नाहीत, ११ अशा शब्दांत छापले की औषध चांगलंच वाटावं, आणि फक्त ३ जसे होते तसे. नुसती छापील पानं वाचणाऱ्या डॉक्टरला सुद्धा औषध होतं त्याच्यापेक्षा भारी वाटणारच. पण ह्यावरून कुणी आपली डिप्रेशनची गोळी बंद करू नका, कारण २०१८ मध्ये छापलेले न छापलेले मिळून ५२२ ट्रायल एकत्र करून बघितले तेव्हा तपासलेली सगळी २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस निघालीच, फरक मोठा नव्हता पण होता, आणि अशी गोळी एकदम सोडली तर त्रास होतो.

स्वतःवर ताडून बघायचं असेल तर

ट्रायल शंभरांचं सांगतो, त्यात तुम्ही कुठे ते नाही सांगत. परत परत येणाऱ्या आणि जिवावर न बेतणाऱ्या त्रासात हे स्वतः बघता येतं, मायग्रेन, ॲलर्जीची सर्दी, ॲसिडिटी, झोप, अशा गोष्टींत. एकदाच होऊन जाणाऱ्या आजारात नाही, आणि बीपी, शुगर, फिट्स, हार्टच्या औषधांत तर डॉक्टरशिवाय अजिबात नाही.

मायग्रेन धरून सांगतो. एक वही घ्या. पहिला महिना काहीच बदलू नका, आत्ता जे घेताय तेच घ्या आणि फक्त लिहा. डोकं धरलं की तारीख, वेळ, दुखणं ० ते १० मध्ये किती, गोळी किती वाजता घेतली, मग दोन तासांनी परत आकडा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत चढलं का. दोन तास का, तर मायग्रेनच्या ट्रायलमध्ये पण दोन तासांनीच मोजतात, म्हणजे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येतो. आकडा त्याच वेळी लिहायचा, रात्री आठवून लिहिला की चांगले दिवस विसरायला होतात. मग डॉक्टरांशी बोलून दुसरी गोळी, आणि एका वेळी एकच बदल, गोळी पण बदलली आणि झोपायची वेळ पण बदलली तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. एकेक गोळी निदान चार-पाच ॲटॅकला वापरून बघा, आणि घ्यायची वेळ सारखी ठेवा, एक गोळी सुरुवातीलाच घेतली आणि दुसरी दुखणं टोकाला गेल्यावर घेतली तर ती तुलना फुकट. त्याच वहीत महिन्याला किती दिवस गोळी घेतली ते पण मोजा, साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टान (मायग्रेनची खास गोळी) १० दिवस असं तीन महिन्यांच्या वर चालू राहिलं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

साईड इफेक्ट पण असेच ताडायचे. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी त्रास होतो म्हणून सोडून दिलेल्या ६० लोकांना लंडनमध्ये वर्षभर, काही महिने खरी स्टॅटिन, काही महिने प्लासिबो आणि काही महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं आणि रोज त्रासाचा आकडा लिहायला लावला. २०२० मध्ये निकाल आला, स्टॅटिनने जेवढा त्रास वाढला त्याच्या ९० टक्के त्रास प्लासिबोने पण वाढलेला. त्रास खरा होता, अंग खरंच दुखत होतं, पण गोळी घेतोय ह्या जाणिवेचा त्यात मोठा वाटा होता. स्वतःचे आकडे बघितल्यावर निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली.

डॉक्टरकडे जाताना

वही घेऊन जा आणि सरळ विचारा, डॉक्टर, काहीच केलं नाही तर काय होईल? दुसरे उपाय कुठले? माझ्यासारख्या शंभर जणांना हे दिलं तर किती जणांना फायदा होतो आणि किती जणांना त्रास? फरक दिसायला किती दिवस थांबायचं, आणि नाही दिसला तर पुढे काय? बहुतेक डॉक्टर असे प्रश्न आले की नीट बसून बोलतात. आकडा तोंडपाठ नसेल तर नसो, 'ह्यातलं मला मुख्य म्हणजे दुखणं कमी व्हायला हवंय' किंवा 'मला पुढची दहा वर्षं ॲटॅक नको आहे' एवढं जरी तुम्ही स्पष्ट सांगितलंत तरी गोळी निवडताना त्यांना उपयोग होतो.

फक्त छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय एकदम लुळा पडला, बोलणं अडखळलं, श्वास लागला, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं अचानक फुटायला लागलं, किंवा लहान बाळ तापात मलूल होऊन दूध प्यायचं थांबलं, तर वही, कॉक्रेन, तुलना काही नको, त्या क्षणी हॉस्पिटल गाठायचं. बाकी सर्दी, घसा, पाठ, कोपर, डोकं, ह्यांच्यासाठी चार प्रश्न विचारायला तुमच्याकडे भरपूर वेळ आहे.